रोड ट्रेन (ऑस्ट्रेलिया)

रोड ट्रेन म्हणजे एका शक्तिशाली ओढणाऱ्या वाहनाला (प्राइम मूव्हर) दोन किंवा अधिक ट्रेलर एकामागे एक जोडून तयार केलेले लांब मालवाहू वाहन होय. अशी वाहने इतर काही देशांतही चालतात. परंतु सर्वसामान्य प्रवाशांच्या सार्वजनिक रस्त्यांवर त्यांचा सर्वाधिक व सर्वात जुना सलग वापर ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात होतो. तेथील नियमांनुसार दोन ट्रेलरची रोड ट्रेन कमाल ३६.५ मीटर, तर तीन ट्रेलरची कमाल ५३.५ मीटर लांब असू शकते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात काही ठरावीक मार्गांवर ६० मीटरपर्यंतची वाहने चालतात. महाराष्ट्रातील एस.टी.ची बस साधारण बारा मीटर लांब असते हे लक्षात घेतले, तर तीन ट्रेलरची एक रोड ट्रेन म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या चारहून अधिक बसगाड्या.

ज्या रस्त्यांवरून या गाड्या धावतात, त्यांपैकी बहुतेक दुपदरी, दुभाजक नसलेले आणि मनुष्यवस्तीपासून दूरचे आहेत. हेच रस्ते देशांतर्गत व परदेशी पर्यटकांचेही आहेत. स्वतःची मोटार, कॅरव्हॅन, मोटारसायकल किंवा सायकल घेऊन निघालेल्या प्रवाशाला पर्यायी मार्ग सहसा नसतो. त्यामुळे अवजड मालवाहतूक आणि पर्यटन यांनी एकच अरुंद रस्ता वाटून घेणे हा ऑस्ट्रेलियन रस्तासुरक्षेतील एक कायमचा विषय आहे.

इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील मालवाहतूक एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने उंटांच्या तांड्यांवर अवलंबून होती. हे उंट व त्यांचे चालक ब्रिटिश भारत, अफगाणिस्तान आणि आसपासच्या प्रदेशांतून आणले गेले होते. मूळ प्रांत कोणताही असला, तरी या चालकांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. रेल्वे दक्षिणेकडून १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्सपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली. उत्तरेकडे डार्विनपासून आलेला दुसरा लोहमार्ग या टोकापासून शेकडो किलोमीटर अलीकडे संपत असे. मधली ही पोकळी पंचाहत्तर वर्षे टिकली. ॲलिस स्प्रिंग्स ते डार्विन लोहमार्ग २००४ मध्ये सुरू झाला. रोड ट्रेनचा जन्म याच पोकळीत झाला.

ब्रिटिश साम्राज्यातील विरळ वस्तीच्या प्रदेशांसाठी एका समितीने आखलेल्या योजनेनुसार इंग्लंडमधील ए.ई.सी. कंपनीने एक बहुचाकी वाहन बनवले. ते १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात आणून नॉर्दर्न टेरिटरीत वापरण्यात आले. मागचे ट्रेलर पुढच्या चाकांच्या मार्गावरूनच वळावेत, अशी त्याची रचना होती. सुमारे १५ टन माल वाहणारे हे वाहन आजच्या मापाने किरकोळ वाटते. परंतु रस्ता म्हणजे वाळूतली चाकोरी असण्याच्या त्या काळात त्याने अनेक वर्षे सेवा दिली.

आधुनिक रोड ट्रेनचे श्रेय मात्र सामान्यतः कर्ट योहान्सन (१९१५–२००२) या मध्य ऑस्ट्रेलियातील वाहतूकदारास दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेले रणगाडे वाहून नेणारे एक डायमंड टी बनावटीचे वाहन त्यांनी घेतले आणि स्वतः बनवलेले ट्रेलर त्याला जोडून गुरांची वाहतूक सुरू केली. तोपर्यंत गुरे शेकडो मैल पायी हाकत नेली जात. त्यात आठवडे, कधी महिने जात. पाणी न मिळाल्यास जनावरे मरत आणि जी पोहोचत तीही वजन घटून. ट्रेलरमधून तोच प्रवास दोन-तीन दिवसांवर आला. गुरे हाकण्याचा पिढीजात व्यवसाय त्यानंतरच्या दोन दशकांत जवळजवळ संपला.

रस्त्यांची सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली. ॲलिस स्प्रिंग्सपासून उत्तरेकडे जाणारा रस्ता महायुद्धाच्या काळात लष्करी गरजेतून बांधला गेला. १९६० च्या दशकापासून केंद्र सरकारच्या निधीतून उत्तरेकडील गुरांच्या प्रदेशात 'बीफ रोड' म्हणून ओळखले जाणारे रस्ते तयार झाले. पैसा मर्यादित आणि अंतरे प्रचंड असल्याने यांपैकी अनेक रस्त्यांवर मधोमध एकाच वाहनापुरता डांबराचा पट्टा टाकून दोन्ही बाजूंना मुरमाच्या साइडपट्ट्या सोडण्यात आल्या. या काटकसरीचे परिणाम आजचे पर्यटकही अनुभवतात. नलारबोर मैदानावरून जाणारा आयर महामार्ग १९७६ मध्ये, तर पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा सुमारे २,७०० किमीचा स्टुअर्ट महामार्ग १९८७ मध्ये संपूर्ण डांबरी झाला. त्यानंतरच साध्या मोटारीने देशाचा मध्यभाग ओलांडणे ही सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील सहल झाली.

रचना

प्राइम मूव्हरवरील गोल जोडपट्टीवर, म्हणजे 'फिफ्थ व्हील'वर, पहिल्या ट्रेलरचे पुढचे टोक टेकते. त्यामागील प्रत्येक ट्रेलर 'डॉली' नावाच्या चाकांच्या स्वतंत्र गाड्यावर टेकवून दांड्याने पुढच्या ट्रेलरला जोडला जातो. डॉलीऐवजी पुढील ट्रेलरच्याच मागच्या भागावर फिफ्थ व्हील बसवलेले असल्यास त्या जोडणीला 'बी-डबल' म्हणतात. तिची लांबी २५ ते २६ मीटर असते आणि सांधे कमी असल्याने ती अधिक स्थिर चालते. सामान्य वजनमर्यादेत बी-डबलचे एकूण वजन ६२.५ टनांपर्यंत, तर तीन ट्रेलरच्या रोड ट्रेनचे ११५ टनांच्या आसपास जाते.

दांड्याच्या जोडणीत पुढच्या वाहनाची लहानशी आडवी हालचाल मागे जाताना वाढत जाते. चालकाने चाक किंचित फिरवले, तरी शेवटचा ट्रेलर शेपटीसारखा हेलकावतो. खराब साइडपट्टी, वारा किंवा रस्त्याचा उतार यांमुळे हे हेलकावे कधी कधी अर्ध्या मीटरहून अधिक होतात. मागून येणाऱ्या मोटारचालकाला ती गाडी बेफिकिरीने चालवली जात आहे असे वाटते. वस्तुतः तो सांध्यांचा स्वभाव आहे. याच कारणाने चालक अचानक वळण घेऊ शकत नाही. समोर जनावर आले तर त्याला बगल देण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक दाबणे आणि वेळ पडल्यास धडकणे हेच कमी धोक्याचे ठरते, कारण बगल दिल्यास मागचे ट्रेलर उलटू शकतात. पुढे बसवलेला जाड नळ्यांचा 'बुल बार' त्यासाठीच असतो.

एअर ब्रेकमधील हवेचा दाब शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोहोचण्यास क्षणभराचा विलंब लागतो. त्याहून मोठी गोष्ट वजनाची. दोन टनांची मोटार आणि ११५ टनांची रोड ट्रेन सारख्या वेगाने धावत असतील, तर दुसरीची गतिज ऊर्जा पहिलीच्या सत्तावन्न पटींहून अधिक असते. ही सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते.

वेगमर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंडमध्ये रोड ट्रेनना साधारणतः ताशी ९० किमी, तर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरीत १०० किमीची मर्यादा आहे. नॉर्दर्न टेरिटरीत १ जानेवारी २००७ पूर्वी मोकळ्या महामार्गांवर मोटारींना कमाल वेगाची मर्यादाच नव्हती. आता तेथील प्रमुख महामार्गांवर ती १३० आहे.

मार्ग आणि माल

दाट वस्तीच्या आग्नेय किनाऱ्यावर रोड ट्रेन सहसा दिसत नाहीत. त्या अंतर्भागाच्या उंबरठ्यावर जोडल्या आणि सोडल्या जातात. दक्षिणेत पोर्ट ऑगस्टा, पश्चिमेत पर्थच्या ईशान्येचे वुबिन अशा ठिकाणी त्यासाठी मोठी आवारे आहेत. तेथून स्टुअर्ट, बार्कली, ग्रेट नॉर्दर्न यांसारख्या महामार्गांवर इंधन, किराणा, बांधकाम साहित्य, खनिज व गुरे यांची वाहतूक होते. गुरांचे ट्रेलर दुमजली असतात. तीन ट्रेलरच्या गाडीत जनावरांचे सहा मजले होतात.

अंतर्भागातील वस्त्यांचे या गाड्यांवरील अवलंबन रस्ता तुटला की उघड होते. जानेवारी २०२२ मधील पुरात साउथ ऑस्ट्रेलियातील लोहमार्ग व स्टुअर्ट महामार्ग दोन्ही बंद पडले आणि नॉर्दर्न टेरिटरीतील दुकानांची फडताळे रिकामी होऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये फिट्झरॉय क्रॉसिंग येथील ग्रेट नॉर्दर्न महामार्गावरील पूल पुरात नष्ट झाला. पर्थहून किम्बर्लीच्या पूर्व भागात जाणाऱ्या गाड्यांना तेव्हा देशाच्या मध्यातून हजारो किलोमीटरचा वळसा घ्यावा लागत होता. नवा पूल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुला झाला.

पर्यटक वाहतूक

उत्तर व मध्य ऑस्ट्रेलियातील पर्यटनाचा हंगाम म्हणजे मे ते सप्टेंबर हा कोरडा, थंड काळ. या महिन्यांत दक्षिणेकडील थंडी टाळण्यासाठी निवृत्त जोडपी कॅरव्हॅन घेऊन उत्तरेकडे निघतात. त्यांना तेथे 'ग्रे नोमॅड' म्हणजे करड्या केसांचे भटके असे काहीसे थट्टेचे, काहीसे आपुलकीचे नाव आहे. गुरांच्या वाहतुकीचा मुख्य हंगामही हाच असतो, कारण पावसाळ्यात गुरांच्या फार्मचे कच्चे रस्ते बंद असतात. दोन्ही वाहतुकींची गर्दी त्यामुळे एकाच वेळी होते.

इंधन, खाणे व मुक्काम यांसाठी दोघेही त्याच 'रोडहाउस'वर थांबतात. दोन रोडहाउसमधले अंतर शंभर-दोनशे किलोमीटर असणे नित्याचे आहे. महाराष्ट्रातील महामार्गावरील ढाब्याशी त्यांची तुलना सुचते. पण पुढचा ढाबा चुकला तर त्यापुढचा आहेच, ही सोय तेथे नाही.

परदेशी पर्यटकांत भारतीयांची संख्याही लक्षणीय आहे. मुलांकडे भेटीस गेलेले आईवडील व भाड्याच्या मोटारीने फिरणारी कुटुंबे त्यांत येतात. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने त्यांना ते रस्ते ओळखीचे वाटतात. काही सवयी मात्र उपयोगी पडत नाहीत. भारतात ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवणे हा इशारा, किंबहुना सौजन्य मानले जाते. ऑस्ट्रेलियात हॉर्न केवळ धोक्याची सूचना म्हणून वाजवतात. पुढच्या ट्रकचालकाच्या हाताच्या किंवा इंडिकेटरच्या खुणेवर विसंबून पुढे जाण्याची पद्धतही सुरक्षित समजली जात नाही, कारण उजवा इंडिकेटर हा वळण्याचा संकेतही असू शकतो.

ओव्हरटेक करणे

पर्यटकाच्या दृष्टीने सर्वात धोक्याचा क्षण रोड ट्रेनला मागे टाकण्याचा असतो. चूक बहुधा लांबीच्या अंदाजात होते. मागून पाहताना गाडीचा केवळ शेवटचा ट्रेलर दिसतो आणि तो साध्या ट्रकसारखाच असतो. मागे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'रोड ट्रेन' असे लिहिणे यासाठीच बंधनकारक आहे.

साधा हिशेब पुरेसा बोलका आहे. ५३.५ मीटरची रोड ट्रेन ताशी ९० किमी वेगाने जात आहे आणि पाच मीटर लांबीची मोटार ११० किमी वेगाने तिला मागे टाकू पाहते, असे समजू. सुरुवातीस व शेवटी प्रत्येकी ४० मीटर अंतर ठेवल्यास मोटारीला तिच्या तुलनेत सुमारे १३८ मीटर पुढे जावे लागते. वेगातील फरक ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. यास २५ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात मोटार सुमारे ७६० मीटर रस्ता कापते. समोरून तशाच वेगाने येणारे वाहनही ७६० मीटर जवळ येते. म्हणजे निदान दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे.

मोटारीला कॅरव्हॅन जोडलेली असेल तर चित्र पार बदलते. एकूण लांबी तेरा मीटर व वेग १०० किमी धरला, तर वेगातील फरक निम्म्यावर येतो. याच हालचालीला सुमारे ५३ सेकंद व जवळजवळ दीड किलोमीटर रस्ता लागतो. समोरून ११० किमी वेगाने येणारे वाहन धरल्यास तीन किलोमीटरहून अधिक मोकळा रस्ता हवा. उन्हाने तापलेल्या डांबरावर मृगजळ दिसत असताना तीन किलोमीटरवरचे वाहन ओळखता येणेही कठीण असते. मागे राहणे व पुढच्या थांब्यावर चहा घेणे हा सल्ला त्यामुळे अनुभवी कॅरव्हॅनचालकच देतात. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरीत रोड ट्रेनचा वेगही १०० असल्याने कॅरव्हॅनने तिला मागे टाकण्याचा प्रश्न खरे तर उद्भवतच नाही. तेथे बहुधा उलट घडते.

रोड ट्रेन कॅरव्हॅनला मागे टाकते तेव्हा कॅरव्हॅनचालकाने आपली रेषा न सोडता स्थिर चालावे आणि ट्रक शेजारी आल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, अशी शिफारस आहे. घाबरून एकदम मुरमाच्या साइडपट्टीवर उतरणे अधिक धोक्याचे असते. कॅरव्हॅनची चाके डांबराच्या कडेवरून घसरल्यास ती मोटारीलाच फिरवू शकते. ट्रकचालकांची एक जुनी तक्रार अशी, की दुपदरी भागात ताशी ८५ ने चालणाऱ्या कॅरव्हॅन ओव्हरटेकसाठी रस्ता रुंद केलेल्या टप्प्यावर नेमक्या वेग वाढवतात. रुंद रस्त्यावर चालकाचा आत्मविश्वास नकळत वाढतो हे त्यामागचे कारण असावे. मागच्या ११५ टनांच्या गाडीला मात्र पुढील संधी पन्नास किलोमीटरवर मिळते.

मोठ्या गाडीने ढकललेली हवाही विचारात घ्यावी लागते. समोरून येणारी रोड ट्रेन प्रथम हवेचा धक्का देते आणि तिच्या बाजूने जाताना ओढ जाणवते. उंच, हलक्या कॅरव्हॅन या हेलकाव्यात सापडून उलटल्याच्या घटना घडतात; कॅरव्हॅनमधील वजन मागच्या बाजूस अधिक भरलेले असल्यास हा धोका वाढतो.

एकपदरी डांबर आणि कच्चे रस्ते

मधोमध एकच डांबरी पट्टा असलेल्या रस्त्यांवर, विशेषतः पश्चिम क्वीन्सलंडमध्ये, दोन मोटारी समोरासमोर आल्यास प्रत्येकीने डावी चाके मुरमावर उतरवायची असा रिवाज आहे. समोर रोड ट्रेन असल्यास मात्र हा नियम लागू नसतो. लहान वाहनाने वेग कमी करून पूर्णपणे डांबराबाहेर जाऊन थांबायचे आणि सारा पट्टा रोड ट्रेनला द्यायचा. हा केवळ मोठ्याचा मान नव्हे. रोड ट्रेनची डावी चाके मुरमावर गेली, तर चोवीसहून अधिक चाकांखालचे दगड बंदुकीच्या छर्‍यांप्रमाणे उडतात आणि मोटारीची समोरची काच फुटते. शिवाय शेवटचा ट्रेलर मऊ कडेत रुतून घसरण्याची शक्यता असते. पावसानंतर साइडपट्टी चिखलाची झालेली असेल तर मोटारीनेही उतरण्यापूर्वी जागा निवडावी लागते.

तनामी, गिब रिव्हर, प्लेंटी यांसारख्या मार्गांच्या कच्च्या भागांत धूळ हाच मुख्य शत्रू ठरतो. रोड ट्रेनमागे उठणारा लाल धुळीचा लोट वारा नसल्यास कित्येक मिनिटे हवेत तरंगतो आणि त्यात पुढचे काहीही दिसत नाही. धुळीत शिरून ओव्हरटेक करणे म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणे. समोरून गाडी गेल्यावरही थोडे थांबावे, कारण एका रोड ट्रेनच्या धुळीत दुसरी येत असू शकते. गुरे नेणाऱ्या गाड्या अनेकदा ताफ्याने निघतात.

रात्र आणि जनावरे

अंतर्भागातील बहुसंख्य गुरांच्या फार्मना रस्त्याकडेला कुंपण नसते. त्यांना तेथे 'स्टेशन' म्हणतात आणि काहींचे क्षेत्र महाराष्ट्रातील लहान जिल्ह्याएवढे असते. सायंकाळी व पहाटे कांगारू, तर रात्री उबदार डांबरावर बसलेली गुरे आढळतात. रोड ट्रेन रात्रीही चालतात. पर्यटकांनी मात्र सूर्यास्तानंतर प्रवास टाळावा असे सर्वत्र सांगितले जाते, आणि भाड्याच्या वाहनांच्या करारांत कित्येकदा तशी अट असते. रात्री रोड ट्रेनचे प्रखर दिवे कित्येक किलोमीटरवरून दिसतात. त्यामुळे तिचे अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो.

सकाळी रस्त्यावर मृत जनावरे पडलेली असतात व त्यांवर मोठे गरुड बसतात. पोट भरलेला गरुड चटकन उडू शकत नाही आणि बरेचदा येणाऱ्या वाहनाच्या काचेकडेच झेपावतो. ट्रकला त्याचे फारसे वाटत नाही. मोटारीला व मोटारसायकलस्वाराला वाटते.

रेडिओ संपर्क

बहुतेक अवजड वाहनांत यू.एच.एफ. पट्ट्यातील नागरी वापराचा रेडिओ असतो. त्यातील ४० क्रमांकाची वाहिनी महामार्गावरील सर्वसाधारण संपर्कासाठी, १८ क्रमांकाची कॅरव्हॅनवाल्यांच्या आपसांतील संभाषणासाठी, तर ५ व ३५ आणीबाणीसाठी वापरली जाते. मोबाइलचे जाळे वस्त्यांबाहेर काही किलोमीटरवर संपत असल्याने हा रेडिओ चैनीची वस्तू राहत नाही. ट्रकचालक कॅरव्हॅनला मागून हाक देऊन आपण ओव्हरटेक करणार असल्याचे सांगू शकतो आणि कॅरव्हॅनचालक पुढचा रस्ता मोकळा असल्याचे कळवू शकतो. ओव्हरटेक करण्याचा निर्णय व त्याची जबाबदारी तरीही ओव्हरटेक करणाऱ्याचीच राहते. अनेक कॅरव्हॅनच्या मागील बाजूस आपण कोणत्या वाहिनीवर ऐकत आहोत त्याचा क्रमांक चिकटवलेला असतो.

खाणींची यंत्रे वाहणाऱ्या अतिरुंद गाड्यांच्या बाबतीत रेडिओ विशेष उपयोगी ठरतो. अशा गाडीपुढे पिवळे दिवे लावलेले मार्गदर्शक वाहन, कधी पोलिसांचे वाहनही असते. खाणीतील डंपरचा हौदा सात मीटरहून रुंद असू शकतो. तो दोन्ही पदर व्यापून येतो. मार्गदर्शक वाहनाची सूचना मिळताच रस्ता सोडून पूर्ण बाहेर थांबणे अपेक्षित असते.

विश्रांतीच्या जागा

अवजड वाहनांसाठीचा राष्ट्रीय कायदा फेब्रुवारी २०१४ मध्ये अमलात आला; वेस्टर्न ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरी त्यात सहभागी नसून त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. राष्ट्रीय कायद्यातील सर्वसाधारण तरतुदीनुसार एकट्या चालकास चोवीस तासांत कमाल बारा तास काम करता येते आणि सलग सात तास विश्रांती घ्यावी लागते. ही विश्रांती महामार्गाकडेच्या थांब्यांवरच घेतली जाते. पर्यटकही त्याच जागी फुकट मुक्काम करतात. ५३ मीटरच्या गाडीला सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा लागते. प्रवेशमार्गावर आडवी लावलेली एक कॅरव्हॅन सारा थांबा निकामी करते. अशा वेळी चालकापुढे थकलेल्या अवस्थेत पुढे जाणे किंवा कामाच्या तासांची मर्यादा मोडणे एवढेच पर्याय उरतात. रस्त्यावरील वर्तनापेक्षाही या प्रश्नावरून दोन्ही गटांत अधिक कटुता दिसते.

उलट बाजूही आहे. गुरांनी भरलेली किंवा शीतकरण यंत्र चालू असलेली गाडी रात्रभर शेजारी उभी राहिल्यास आवाज व वास सहन करावा लागतो, आणि पर्यटकांसाठीच राखलेले थांबे पुरेसे नाहीत ही कॅरव्हॅनवाल्यांची तक्रार निराधार नाही.

सायकलस्वार

आर्थर रिचर्डसन यांनी १८९६ मध्ये कूलगार्डीहून ॲडलेडपर्यंत सायकलने नलारबोर ओलांडले, तेव्हा त्या वाटेवर मोटारही नव्हती. आज आयर व स्टुअर्ट या महामार्गांवर दरवर्षी दूरच्या पल्ल्याचे सायकलस्वार दिसतात. कायद्याने त्यांना रस्त्यावर पूर्ण हक्क आहे आणि बहुतेक राज्यांत मोटारचालकांनी ताशी ६० किमीहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर त्यांच्यापासून निदान दीड मीटर अंतर राखून पुढे जाणे बंधनकारक आहे. रोड ट्रेनला हे अंतर देण्यासाठी बहुधा समोरच्या पदरात जावे लागते. समोरून दुसरे वाहन येत असेल, तर तिला वेळेत वेग कमी करता येईलच असे नाही.

अनुभवी सायकलस्वार म्हणून हँडलवर आरसा बसवतात. मागून व समोरून अशी दोन्ही अवजड वाहने आपल्यापाशीच एकमेकांस भेटणार असे दिसले, की सायकल घेऊन ते मुरमावर उतरतात. हक्क सोडल्यासारखे वाटत असले, तरी ब्रेक व वजन यांचे गणित पाहता हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. आडवा वारा असताना आणखी एक धोका संभवतो. शेजारून जाणारी गाडी काही सेकंद वारा अडवते, त्यामुळे वाऱ्यावर रेललेला स्वार रस्त्याच्या मधल्या बाजूस झुकतो, आणि गाडी संपताच तोच वारा त्याला बाहेर लोटतो. तीन ट्रेलरच्या फटींतून हे झोत एकाच ओव्हरटेकमध्ये तीनदा जाणवू शकतात. चमकदार कपडे किंवा मागचा लुकलुकणारा दिवा यांचा उपयोग केवळ दिसण्यापुरता आहे. इअरफोन लावून चालवणे मात्र सर्वांनीच घातक ठरवले आहे.

वस्तीतील वळणे

गावात शिरल्यावर लांब वाहन वळण्यासाठी शेजारचा पदरही वापरते. साडेसात मीटर किंवा त्याहून लांब आणि मागे 'वळणाऱ्या वाहनास ओव्हरटेक करू नये' या आशयाची पाटी असलेल्या वाहनास तशी कायदेशीर मुभा आहे. डावीकडे वळण्यासाठी उजवीकडे सरकलेल्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत मोटार घालणे ही नवख्यांकडून होणारी चूक आहे. ती जागा मोकळी नसते. मागचे ट्रेलर तिथूनच जायचे असतात.

विक्रम

सर्वात लांब रोड ट्रेनचा जागतिक विक्रम १८ फेब्रुवारी २००६ रोजी क्वीन्सलंडमधील क्लिफ्टन येथे झाला. एका मॅक टायटन ट्रकने ११२ ट्रेलर ओढले. एकूण लांबी १,४७४.३ मीटर भरली. हे केवळ प्रात्यक्षिक होते आणि ती गाडी सुमारे शंभर मीटर अंतर चालली.

भारतातील स्थिती

भारतात जून २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ठरावीक मार्गांवर २५.२५ मीटरपर्यंतच्या रोड ट्रेनना मान्यता देण्यात आली. लांबीच्या बाबतीत हे वाहन ऑस्ट्रेलियातील बी-डबलच्या जवळ जाते. महाराष्ट्रात गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे दोन ट्रॉल्यांमधून ऊस नेणारे ट्रॅक्टर जोडणीच्या तत्त्वाने रोड ट्रेनचे लहान नातलग म्हणता येतील. त्यांचा वेग अत्यल्प असल्याने तेथील धोका मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. मागचा दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री वेळेत न दिसणे हे त्यांच्या अपघातांचे नेहमीचे कारण असते.